पुढील स्टेशन, ठाणे

आमच्या मुलुंडच्या सोसायटीची वार्षिक सभा गच्चीवर भरते आणि दरवर्षी पार्किंगपाशी येऊन अडते. यंदा सेक्रेटरींनी सकाळी गाड्यांना स्टिकर लावायचा नियम काढला, दुपारी दोघा सभासदांचे फोन आले म्हणून मागे घेतला आणि संध्याकाळी सभेत पुन्हा मांडला. मागून एक तरुण सभासद उठला. "काका, तुम्ही बायपोलर आहात का हो?" गच्ची खो-खो हसली. सेक्रेटरीही कसनुसं हसले. शब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक नसावा, पण शिवी आहे एवढं कळलं असावं.

तिसऱ्या रांगेतल्या एक बाई हसल्या नाहीत. त्यांचा मुलगा काही वर्षांपासून लिथियमच्या गोळ्या घेतो. दर काही महिन्यांनी रक्तातलं लिथियम मोजावं लागतं, कमी पडून चालत नाही आणि जास्त तर मुळीच नाही. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं, म्हणून सकाळची वेळ. मुलुंडात पावलोपावली लॅब आहेत, तरी या मायलेकांची वारी घाटकोपरला. मुलुंडच्या लॅबमध्ये काउंटरवर कोण ओळखीचं निघेल सांगता येत नाही. (हे त्यांना विचारून लिहितोय, आणि रांग बदलून.)

आता त्या तरुणाच्या शब्दाकडे जरा पाहू. बायपोलरमधली उन्मादाची लाट निदान आठवडाभर टिकते. झोप तीन तासांवर येते, पैसा उधळला जातो, बोलण्याला खळ राहत नाही. मग नैराश्याची पाळी, ती महिनोन्‌महिने चालू शकते. सकाळचा नियम संध्याकाळी फिरवणं याला मराठीत धरसोड म्हणतात. तो शब्द त्या तरुणाला येत नव्हता असं नाही.

भांडणात दुसऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही म्हणायची हौस नवी नाही. मराठीत तर त्यासाठी कोठार भरलंय. वेडा, खुळा, येडपट, चक्रम, अर्धवट, भ्रमिष्ट. मालवणात खुळो, गोव्यात पिसो, वऱ्हाडात बह्याड. मुंबईनं त्यात आपली भर घातली: येडा, सर्किट, खिसकलेला, सटकलेला, स्क्रू ढिला. अंधेरीच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता धक्का लागला की पहिला शब्द यातलाच निघतो, आणि निघून पुलाखाली विरूनही जातो. कारण हे शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेत. आई लेकीला "वेडाबाई" म्हणते तेव्हा त्यात माया असते. क्रिकेटचं वेड, नाटकाचं वेड, ही तर कौतुकाची गोष्ट. वेड पांघरून पेडगावला जाणारा माणूस सगळ्यांत शहाणा, आणि त्याचाच मुंबईकर भाऊ येडा बनून पेढा खातो.

शिवाय आपल्याकडे वेडेपणाला देव्हाऱ्यातही जागा आहे. महानुभावांचे रिद्धपूरचे गोविंदप्रभू यांचं वागणं लोकांना वेड्यासारखं वाटे, आणि त्या वेडासकट त्यांच्या लीळा भक्तांनी लिहून ठेवल्या. शेगावला १८७८ साली उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचणारा जो माणूस लोकांना दिसला तो आधी वेडापिसाच ठरला होता. पुढे तो गजानन महाराज झाला. याचा अर्थ जुना महाराष्ट्र वेड्यांशी प्रेमानं वागत होता असा कुणी काढू नये. ज्याच्यामागे भक्त जमले नाहीत, त्याच्यामागे दगड घेऊन पोरंच लागत.

या जुन्या शब्दांत मला सगळ्यांत आवडतो तो मंत्रचळ. हात सात वेळा धुणं, कुलूप लावलं की नाही ते पाहायला जिन्यावरून तीनदा परत येणं, याला आजीच्या पिढीनं दिलेलं हे नाव. मंत्र म्हणताना चूक झाली तर बुद्धी चळते, ही त्यामागची समजूत. समजूत खोटी, निरीक्षण अचूक. मराठी मनोविकारतज्ज्ञांनीही ओसीडीसाठी तो शब्द बिनदिक्कत उचलला. पण बोरिवलीच्या एखाद्या स्वयंपाकघरात सासूने डबे उंचीप्रमाणे लावले तर सून आता मंत्रचळ म्हणत नाही. "आईंना ओसीडी आहे," म्हणते. मंत्रचळ म्हणजे घरातली कुरबुर होती, तिला सासू उत्तर देऊ शकत होती. ओसीडी म्हटलं की दवाखाना घरात येतो, आणि सासूच्या बाजूने बोलायला कुणी उरत नाही.

शिव्यांच्या या नकाशावर मुलुंडची जागा जरा खास आहे. जगभर वेड्यांच्या इस्पितळाचं गाव हीच शिवी होते. लंडनच्या बेथलेम इस्पितळाच्या नावावरून इंग्रजीत गोंधळाला बेडलॅम हा शब्द आला. उत्तरेत आग्र्याला नाहीतर रांचीला पाठवतात. आपल्याकडे सरकारची अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं: नागपूर, रत्नागिरी, येरवडा आणि ठाणे. पुणेकर येरवड्याची धमकी देतो, आणि तिथे तुरुंगही असल्यामुळे ती दुहेरी लागते. मुंबईकरासाठी ठाणे. ते रुग्णालय १९०१ सालचं, तेव्हापासून "याला ठाण्याला नेऊन टाका" हे वाक्य गिरगावपासून बोरिवलीपर्यंत चालत आलंय. गिरगावातल्या माणसाला तेव्हा ठाणं लांबचं वाटत असणार. आमच्या मुलुंडकरांचं मात्र ते पुढचंच स्टेशन. भाजी स्वस्त म्हणून आम्ही ठाण्याला जातो, नाटकाला गडकरी रंगायतनला जातो, अर्ध्या मुलुंडची सोयरीक ठाण्यात. तरीही भांडणात "ठाण्याचं तिकीट काढ" म्हटलं की समोरच्याला ते नेमकं कळतं. आता ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये जे नवं स्टेशन व्हायचंय, ते याच रुग्णालयाच्या जागेवर. म्हणजे शिवीला स्वतःचा फलाट मिळणार.

ठाण्याचीच दुसरी बाजूही सांगायला हवी. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली आयपीएच ही संस्था याच शहरात उभी केली, आणि मनाच्या आजारांवर मराठीत, साध्या भाषेत, नाटक-गाण्यांसकट बोलायची रीत पाडली. आज मुलुंड-भांडुपची कित्येक घरं "ठाण्याला जातो" म्हणतात तेव्हा त्यांना ही जागा अभिप्रेत असते. तेच दोन शब्द, फक्त हे आवाज खाली आणून म्हटलेले.

नवे शब्द आले ते वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, मालिका आणि मोबाइल या वाटेने. सायको आणि मेंटल हे त्यातले थोरले. नंतर डिप्रेशन, बायपोलर, ओसीडी, ऑटिस्टिक, नार्सिसिस्ट, गॅसलाइटिंग अशी रांगच लागली. गॅसलाइट हे मुळात १९३८ सालचं एक इंग्रजी नाटक: नवऱ्याच्या चोरट्या उद्योगांमुळे घरातला दिवा मंद होतो आणि तो बायकोला पटवत राहतो की तुलाच भास होतात. बायकोला वेडी ठरवणाऱ्या नवऱ्याला नाव देणारा हा शब्द. आज अंधेरीच्या कॅफेत बिल कुणी द्यायचं यावरूनही तो निघतो. स्किझोफ्रेनियाचं तर भलतंच झालं. त्यात एका अंगात दोन माणसं राहत नाहीत. आवाज ऐकू येणं, संशय घट्ट धरून बसणं, विचारांचा दोर तुटणं असं त्याचं रूप. पण सरकारची दोन खाती दोन तऱ्हांनी बोलली की अग्रलेखात 'स्किझोफ्रेनिक धोरण' छापून येतं. त्याला छिन्नमनस्कता हा मराठी शब्द आहे. तो शिवी म्हणून वापरलेला मी अजून ऐकला नाही, कारण तावातावात तो धड उच्चारताच येत नाही. पारिभाषिक शब्द बोजड असण्याचा हा एक फायदा परिभाषा समितीच्या लक्षात आला नसेल.

चित्रपटांची नावंच पाहा. 'मेंटल है क्या' हे नाव जाहीर झालं, २०१९ साली भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं हरकत घेतली आणि चित्रपट 'जजमेंटल है क्या' होऊन आला. तीन वर्षांनी रितेश देशमुखचा 'वेड' आला, त्यावर कुणी ब्र काढला नाही. मला यात विसंगती दिसत नाही. वेडात प्रेम, ध्यास, झपाटलेपण सगळं मावतं. मेंटलमध्ये इस्पितळाच्या पाटीशिवाय काही नाही.

अशी शिवी देणाऱ्याला समोरच्याच्या तब्येतीशी काही देणंघेणं नसतं. त्याला भांडण संपवायचं असतं. 'तू खोटारडा आहेस' म्हटलं तर समोरचा पुरावा मागतो. 'तू लोभी आहेस' म्हटलं तर तो हिशोब काढतो. 'तू सायको आहेस' म्हटलं की त्याचा पुरावा आणि हिशोब दोन्ही बाद, कारण ते सायकोने मांडलेले. तो चिडला तर चिडणं हेच लक्षण, गप्प बसला तर तेही लक्षण. आपल्या राजकारण्यांना हे पक्कं कळलंय. विरोधकाने अवघड प्रश्न विचारला की "त्यांचं मानसिक संतुलन ढासळलंय" हे उत्तर सर्वच पक्षांकडे तयार असतं, आणि मथळा म्हणून ते दुसऱ्या दिवशी छापूनही येतं. प्रश्न काय होता ते बातमीच्या चौथ्या परिच्छेदात.

बायकांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. हिस्टेरिया हे निदान म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीतून १९८० साली गेलं, आपल्या बैठकीच्या खोल्यांतून अजून गेलेलं नाही. नवऱ्याच्या दारूबद्दल किंवा सासरच्या वाटणीबद्दल सलग दहा मिनिटं बोलणारी बाई 'हिस्टेरिक होते', तिच्या 'अंगात येतं'. पुण्यात १९९९ साली बापू ट्रस्ट सुरू करणाऱ्या भार्गवी दावर यांनी आयुष्यभर हाच धागा उलगडला: बाईच्या तक्रारीला आजार म्हणणं किती सोपं, आणि एकदा म्हटलं की तिचं घर, मूल, मिळकत तिच्या हातून काढून घेणं किती सोपं.

भांडणातली ही शिवी कोर्टात जाते तेव्हा तिचं काय होतं, हे पाहण्यासारखं आहे. हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. त्यामुळे उपनगरातली भांडणं वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात पोचेपर्यंत 'तुझं डोकं फिरलंय'चं रूपांतर टाइप केलेल्या परिच्छेदात होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली राम नारायण गुप्ता खटल्यात सांगितलं की नुसता स्किझोफ्रेनियाचा शिक्का पुरेसा नाही. आजार किती तीव्र, त्याच्यासोबत संसार अशक्य आहे का, ते दाखवा. त्याहून रोचक १९९३ सालचा भगत खटला. नवरा व्यवसायाने वकील. त्याने बायकोवर व्यभिचाराचा आरोप करून घटस्फोट मागितला. उत्तरादाखल बायकोने लेखी दिलं की नवरा मनोरुग्ण आहे, संशयाच्या विकाराने ग्रासलाय आणि त्याच्या घराण्यातच वेड आहे. न्यायालय म्हणालं, असं विचारपूर्वक, कागदावर लिहून देणं हीच मानसिक क्रूरता, आणि त्याच मुद्द्यावर घटस्फोट दिला. आजार आहे की नाही याचा निकाल लागण्याआधी शिवीचा निकाल लागला. मला मात्र या निकालात एक गोष्ट खटकत राहते. तिच्यावरचा आरोपही कमी जहाल नव्हता, पण शब्द भोवला तो तिला.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा याबाबतीत बराच पुढे आहे. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक, राजकीय किंवा कामाच्या ठिकाणच्या रूढीत माणूस बसत नाही म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असं तो स्पष्ट सांगतो. पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरूनही नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आणखी कडक: अपंग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केला तर किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षांची कैद, आणि मानसिक आजार या कायद्याच्या यादीत आहे. पण आमच्या गच्चीवर हे कलम लावून पाहा. सेक्रेटरी आजारी नाहीत, म्हणून त्यांना कलम लागू नाही. तिसऱ्या रांगेतल्या बाईंना कुणी काही बोललंच नव्हतं. ज्याला शिवी दिली त्याला ती लागली नाही, आणि जिला लागली तिला ती दिलेली नव्हती. असा गुन्हा कुठल्या रकान्यात लिहायचा?

आणि असे लोक थोडे नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभरातल्या १०.६ प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता, महानगरांत त्याहून जास्त. बारा राज्यांच्या त्या यादीत महाराष्ट्र नव्हता, तरी हिशोबाला हा आकडा धरला तर आमच्या दोनशे प्रौढांच्या सोसायटीत वीस-एकवीस जण निघतात. गच्चीवर त्यातले काही असणार, आणि ते हसलेही असणार. न हसणं महागात पडतं.

एक गोष्ट मला कित्येक घरांत दिसली. भांडणात जे शब्द सर्वांत मोठ्याने निघतात, तेच खरा आजार आल्यावर नाहीसे होतात. काल भावाला मेंटल म्हणणारं घर, भाऊ खरोखर बिघडला की म्हणतं, "जरा टेन्शन आहे त्याला." "झोप होत नाहीये." "गावी पाठवलाय, हवापालटाला." गोळ्यांची पाकिटं व्हिटॅमिनच्या डबीत जातात. लग्न ठरत असेल तर तो विषय जिभेवरून कायमचा उतरतो. आणि पेशंट स्वतः काही म्हणू लागला तर "मनाचे खेळ आहेत, बाहेर पड जरा". शिवी म्हणून ज्याचं अस्तित्व शंभर टक्के मान्य, आजार म्हणून त्याचं अस्तित्वच नाही. शब्द शिवीत अडकून पडल्याचा हा खरा तोटा: आईला लेकाबद्दल बोलायचं तर शिवीच उच्चारावी लागते.

माहिती दिली की हे आपोआप सुटेल असं मी पूर्वी मानायचो. दीपिका पदुकोणच्या लिव्ह लव्ह लाफ संस्थेने २०१८ साली आठ शहरांतल्या साडेतीन हजारांवर लोकांना विचारलं. मानसिक आजाराची बऱ्यापैकी जाण ८७ टक्क्यांना होती, आणि हिणवणारे शब्द ७१ टक्क्यांनी वापरले. दोन्ही आकडे एकत्र वाचले तर निम्म्याहून जास्त लोक जाणकारही होते आणि हिणवणारेही. आमचा तरुण सभासद त्यांतलाच. त्याला शब्द आला तो जागृतीच्या कृपेनेच. सेक्रेटरींच्या पिढीला तो येतच नव्हता.

शब्द बदलून पाहण्याचे प्रयोग झालेत. इंग्रजीत इडियट, इम्बेसिल, मोरॉन ही एकेकाळी डॉक्टरी वर्गवारी होती. मोरॉन तर १९१० च्या सुमारास खास घडवलेला शब्द. त्या शिव्या झाल्या म्हणून रिटार्डेड आला, तोही शिवी झाला. आपल्याकडे मतिमंद हा सभ्य शब्द म्हणूनच आला होता. शाळेच्या पाट्यांवर तो झळकला, मग वर्गात एकमेकांना मारायला मिळाला. त्याची जागा 'विशेष मूल'ने घेतली, आणि आता घाटकोपरच्या शाळेबाहेर रिक्षाच्या रांगेत दहा वर्षांचं पोर मित्राला म्हणतं, "स्पेशल आहेस का?" आवाजात सगळं येतं, शब्दकोशाचं काही चालत नाही. जपानने २००२ साली स्किझोफ्रेनियाचं अधिकृत नावच बदललं, कारण जुन्या नावाचा अर्थ 'मन फुटण्याचा रोग' असा होई आणि डॉक्टर ते रुग्णाला सांगायलाच कचरत. नव्या नावामुळे निदान तोंडावर सांगणं सोपं झालं. एवढा फायदा मला पुरेसा वाटतो; शिव्या थांबतील ही अपेक्षा कुठल्याच नावाकडून नको.

बोरिवलीची एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी एकदा हॉटेलात जेवत होते. बाहेर एक किडकिडीत, जटा वाढलेला तरुण करवंटीने गटाराचं पाणी पीत होता. त्या हॉटेलातून तो कितीजणांना दिसला असेल, आणि प्रत्येकाच्या मनात एकच शब्द आला असेल. या दोघांनी त्याला दवाखान्यात नेलं. तो बरा होऊन बोलू लागला तेव्हा कळलं की तो शिकलेला आहे, वैद्यकीय प्रयोगशाळेचं त्याचं शिक्षण झालंय, आणि आंध्रात त्याचं घर त्याची वाट पाहतंय. १९८८ साली बोरिवलीत सुरू झालेली श्रद्धा ही त्यांची संस्था रस्त्यावरच्या अशा माणसांना उचलते, औषध देते आणि त्यांच्या गावी पोचवते. पुढे कर्जतला मोठं केंद्र झालं, २०१८ साली मॅगसेसे मिळालं. त्या तरुणाकडून आधी काय मिळवलं तर नाव. त्याआधी तो फक्त येडा होता, म्हणजे कुणीच नव्हता.

'देवराई' पाहिल्यावर माझ्या एका मावशीने पहिल्यांदा स्वतःच्या दिराबद्दल तोंड उघडलं होतं. २००४ सालचा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा तो चित्रपट, अतुल कुलकर्णीचा शेष आणि त्याची बहीण. मावशी म्हणाली, "हे असंच. अगदी असंच." स्किझोफ्रेनिया हा शब्द तिने त्या दिवशी चुकीचा उच्चारला, पण तो शिवीसारखा उच्चारला नाही, एवढं मला आठवतंय.

आमच्या सभेचं इतिवृत्त महिन्याने नोटीस बोर्डावर लागलं. पार्किंगच्या विषयाखाली सेक्रेटरींनी लिहिलं होतं: 'एका सभासदाने समितीच्या निर्णयांत सातत्य नसल्याबद्दल विचारणा केली. सचिवांनी ती मान्य केली.' पुढच्या सभेत इतिवृत्त मंजुरीला आलं. सूचक तो तरुणच. अनुमोदक म्हणून तिसऱ्या रांगेतून हात वर आला, आणि आम्ही गळतीच्या विषयाकडे वळलो.